एका पाईपमधून किती सर्किटं? कन्सिल्ड वायरिंगचा हिशेब आणि हाताचं काम

माझ्या टूलबॉक्समध्ये वायरींचा दीड फुटाचा एक तुकडा मी जपून ठेवला आहे. अडीचच्या, म्हणजे आतलं तांबं अडीच चौरस मिलिमीटर असलेल्या, सात वायरी एकमेकींना चिकटून त्यांचा एकच दोर झालाय. लालचा रंग तपकिरी पडलाय. बेंडच्या आतल्या अंगाला दाबल्या गेलेल्या ठिकाणी पीव्हीसी इतकं पातळ झालंय की नखाने खरवडलं तरी तांबं दिसतं. हे काम माझ्याच हातचं होतं. नागपुरातलं घर, वरचा मजला, स्लॅबमधला पाऊण इंची पाईप. एसी, गीझर आणि स्वयंपाकघर अशी तीन सर्किटं मी त्या एकाच पाईपमधून नेली होती. पाईपमध्ये जागा होती, वायर ओढायची स्प्रिंग अडकली नव्हती, वायरी सहज सरकल्या होत्या. तिसऱ्या उन्हाळ्यात घरमालकांचा फोन आला: दुपारी बोर्डातून प्लास्टिक तापल्यासारखा वास येतो, पण एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, एकदाही पडली नाही.

एमसीबी का पडली नाही, हे समजायला मला बराच वेळ लागला. एका पाईपमधून अनेक सर्किटं नेता येतात. मी आजही नेतो, आणि भिंत कमी फोडायची असेल तर न्यावीच लागतात. पण त्यासाठी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पाईपची मर्यादा जागेवर नाही, उष्णतेवर ठरते. आणि प्रत्येक सर्किटची फेज (करंट नेणारी वायर) आणि तिची न्यूट्रल (तो परत आणणारी) ही जोडी डीबीपासून, म्हणजे एमसीबींच्या मुख्य पेटीपासून, शेवटच्या सॉकेटपर्यंत फुटू द्यायची नाही. या लेखात त्याच घराचं दुरुस्त केलेलं काम मी पायरीपायरीने मांडतो.

हे काम परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून, तारतंत्रीच्या (वायरमनच्या) हातूनच करून घ्या. घरमालकाने ते स्वतः करायचं नाही. पण हिशेब घरमालकालाही कळायला हवा. प्लास्टर झाल्यावर भिंतीच्या आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही.

पहिली पायरी: सर्किटं मोजा, वायरी नंतर

काम सुरू करण्याआधी कागदावर घराच्या त्या भागात काय काय चालणार आहे ते लिहा. नागपूरच्या त्या घरात मागच्या बाजूला असं होतं: बेडरूममध्ये दीड टनाचा एसी, बाथरूममध्ये २ किलोवॅटचा गीझर, स्वयंपाकघरात २ किलोवॅटची इंडक्शन शेगडी, दीड किलोवॅटचा ओव्हन आणि ७५० वॅटचा मिक्सर, शिवाय दोन्ही खोल्यांचे दिवे-पंखे. त्यातले काही दिवे इन्व्हर्टरवर.

वॅटला २३० ने भागलं की अँपिअर येतात, तेही शेजारी लिहा. गीझर ८.७. एसी चालू असताना ७ ते ८. स्वयंपाकघर तिन्ही एकदम चालली तर १८.५. दिवे-पंखे सगळे मिळून ४०० वॅट धरले तर १.७.

त्या घरच्या काकू म्हणाल्या होत्या, "भाऊ, एकाच पाईपमधून घ्या ना सगळं, भिंत किती फोडता?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. डीबी दाराशी, मागच्या खोल्या आठ मीटर लांब, आणि मधली भिंत चार इंची. म्हणून आधी हिशेब, मग छिन्नी.

दुसरी पायरी: जागेचा हिशेब, जो पुरेसा नाही

बाजारात पीव्हीसी पाईप २०, २५, ३२ मिलिमीटर या मापांत येतात. आपण बोलताना २० ला पाऊण इंची आणि २५ ला एक इंची म्हणतो. हे माप बाहेरचं असतं. आतून मध्यम दर्जाचा २५ चा पाईप साधारण साडेएकवीस मिलिमीटर भरतो, २० चा साधारण सतरा.

वायरची जाडी इन्सुलेशनसकट धरायची. दीडची साधारण ३ मिलिमीटर, अडीचची ३.६, चारची ४.२, सहाची ४.८. व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ केलं की तिचं क्षेत्रफळ मिळतं. दीडची ७, अडीचची १०, चारची १४, सहाची १८ चौरस मिलिमीटर. पाईपच्या आतल्या क्षेत्रफळाचा चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त भाग भरायचा नाही, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे एक इंचीत साधारण १४५ आणि पाऊण इंचीत ९०.

आता माझी चूक या मापात घालून बघा. अडीचच्या सात वायरी म्हणजे सत्तरच्या आसपास. पाऊण इंचीची मर्यादा ९०. जागेच्या हिशेबाने मी पास झालो होतो. म्हणूनच हा हिशेब एकटा वापरू नये.

बेंड आला की मी यातूनही कमी करतो. एक इंची पाईपमध्ये बेंड असेल तर अडीचच्या सहाच्या वर नाही, चारच्या पाचच्या वर नाही. हिशेबाने जास्त बसतात, पण चौदा वायरी ओढून बघा, बेंडवर काय होतं ते हाताला कळतं.

तिसरी पायरी: उष्णतेचा हिशेब, जो सगळं ठरवतो

वायरमधून करंट गेला की ती तापते. एकटी जोडी असेल तर ती उष्णता पाईपच्या भिंतीतून, मग विटेतून बाहेर जाते. शेजारी दुसरी तापलेली जोडी असेल तर जायला वाट राहत नाही. साधं पीव्हीसी इन्सुलेशन ७० अंशांपर्यंत चालवायचं असतं. त्यापुढे ते मऊ पडतं, आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर कडक होऊन तडकतं.

आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी तक्ते आहेत. भिंतीत गाडलेल्या पाईपमध्ये, आजूबाजूला ३० अंश असताना आणि एकच सर्किट असताना, तांब्याची वायर किती करंट सोसते ते असं:

दीडची १७.५ अँपिअर
अडीचची २४
चारची ३२
सहाची ४१

या आकड्याला दोन गुणक लावायचे. पहिला गुणक पाईपमध्ये किती सर्किटं एकत्र आहेत त्याचा: दोन असतील तर ०.८०, तीन असतील तर ०.७०, चार असतील तर ०.६५, पाच असतील तर ०.६०. दुसरा गुणक तापमानाचा: ३५ अंशांना ०.९४, ४० ला ०.८७, ४५ ला ०.७९, ५० ला ०.७१.

तापमान किती धरायचं? इथे मी हवामान खात्याचा आकडा धरत नाही. नागपुरात, चंद्रपुरात मे महिन्यात हवाच ४५ पार जाते. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत गरम राहतो. अशा स्लॅबमधल्या पाईपला मी ५० धरतो. पुण्यात किंवा नाशिकमध्ये तळमजल्याच्या आतल्या भिंतीला ४० पुरेत. पश्चिमेची भिंत कुठेही असो, तिला ४५.

आता ती माझी तीन सर्किटं बघा. अडीचची वायर २४, गुणिले ०.७०, गुणिले ०.७१. उत्तर ११.९ अँपिअर. मी तिच्यावर १६ ची एमसीबी लावली होती. त्यात एमसीबीचा स्वभाव असा की १६ ची एमसीबी १६ ला पडत नाही. मानकाप्रमाणे ती रेटिंगच्या १.१३ पट करंट, म्हणजे १८ अँपिअर, एक तासभर न पडता सोसते. पडायचं बंधन आहे ते १.४५ पटीला, २३ अँपिअरला, तेही तासाभरात. म्हणजे १२ अँपिअरच्या वायरमधून १८ अँपिअर दुपारभर जाऊ शकत होते आणि एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीक होतं. वास का आला आणि एमसीबी का पडली नाही, याचं उत्तर एवढंच आहे.

म्हणून नियम एकच. गुणक लावून जो आकडा उरतो, तो एमसीबीच्या आकड्याइतका किंवा जास्त हवा. वायरच्या डब्यावर छापलेला आकडा बघून एमसीबी निवडू नका. आणि एफआर, एफआरएलएस या शब्दांनी फसू नका. ते आग पसरण्याबद्दल आणि धुराबद्दल आहेत. त्यांनी वायरची करंट सोसायची ताकद वाढत नाही.

एक सूट मात्र आहे आणि ती फार कामाची आहे. एखाद्या सर्किटमधून त्याच्या गुणक लावलेल्या क्षमतेच्या तीस टक्क्यांहून कमी करंट जात असेल, तर बाकीच्यांचा गुणक काढताना ते मोजायचं नाही. दिव्यांची सर्किटं एलईडीमुळे आता बहुतेक अशीच असतात. दीडची वायर, दोन सर्किटं, ५० अंश: १७.५ गुणिले ०.८ गुणिले ०.७१ म्हणजे ९.९. तिचे तीस टक्के जवळजवळ तीन अँपिअर. आमचे दिवे-पंखे १.७ घेतात. म्हणजे दिव्यांचं सर्किट एसीच्या शेजारून गेलं तरी एसीच्या वायरला त्रास नाही. जुन्या पिवळ्या बल्बांच्या जमान्यात हे शक्य नव्हतं.

चौथी पायरी: पाईपांची वाटणी

हे सगळं धरून आमचं घर असं बसलं.

पहिला पाईप, एक इंची: स्वयंपाकघर आणि गीझर. स्वयंपाकघराचे १८.५ अँपिअर बघता १६ ची एमसीबी कमी पडते, २० ची लागते. दोन सर्किटं, ५० अंश, सहाची वायर: ४१ गुणिले ०.८ गुणिले ०.७१ म्हणजे २३.३. वीसला पुरते. गीझरला चारची: ३२ गुणिले ०.८ गुणिले ०.७१ म्हणजे १८.२. सोळाला पुरते. अडीचची टाकली असती तर १३.६ आले असते, म्हणजे नापास.

स्वयंपाकघराच्या बॉक्सपाशी गीझरचं सर्किट वेगळं होऊन बाथरूमकडे जातं. तिथून पुढे स्वयंपाकघराचं सर्किट पाईपमध्ये एकटं. एकटी चारची ५० अंशांना २२.७ सोसते, म्हणून बॉक्सपुढे सहाऐवजी चारची चालते. हे मुद्दाम सांगतो. सॉकेटच्या टर्मिनलमध्ये सहाच्या दोन-दोन वायरी कोंबताना निम्म्या तारा बाहेर राहतात आणि स्क्रू अर्धाच बसतो. मग कितीही जाड वायर असली तरी सॉकेट तिथेच जळतं.

दुसरा पाईप, एक इंची: एसी आणि मागच्या खोल्यांचे मेनवरचे दिवे-पंखे. एसीला अडीचची हिशेबात बसते, २४ गुणिले ०.७१ म्हणजे १७. मी चारची टाकली, कारण दीड टनाच्या जागी उद्या दोन टन आला तर भिंत परत फोडायची नाही.

तिसरा पाईप, पाऊण इंची: फक्त इन्व्हर्टरची लाईन. ही मी कधीच दुसऱ्या पाईपमध्ये घालत नाही. लाईट गेली, तुम्ही मेन बंद केलं आणि बोर्ड उघडला की हात निर्धास्त होतो. त्याच पाईपमधली एक वायर त्या वेळी बॅटरीवरून २३० व्होल्ट घेऊन उभी असते. जागा नाहीच म्हणून एकत्र न्यायची वेळ आली, तर इन्व्हर्टरच्या फेजचा रंग वेगळा ठेवा आणि प्रत्येक बॉक्समध्ये तिच्यावर पट्टी लावून ‘इन्व्हर्टर’ असं लिहा.

टीव्ही, इंटरनेट, कॅमेऱ्याच्या केबल पॉवरच्या पाईपमध्ये कधीच नाही. त्यांच्यासाठी वेगळा पाईप, शक्यतो फूटभर अंतराने. आणि घरात थ्री फेज असेल तर दोन वेगळ्या फेजांची सर्किटं एका पाईपमध्ये, एका स्विच बॉक्समध्ये आणू नका. दोन फेजांमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि घरच्या बोर्डात तेवढा दाब असेल अशी कोणाची कल्पना नसते.

न्यूट्रलची जोडी

वायर वाचवायची म्हणून दोन फेजांना एकच न्यूट्रल देणं, ही मला सर्वात जास्त दिसणारी चूक आहे. पहिल्या पाईपमध्ये असं केलं असतं तर काय झालं असतं ते बघा. स्वयंपाकघराचे १८.५ आणि गीझरचे ८.७ मिळून २७ अँपिअर एकाच न्यूट्रलमधून परतले असते. फेजच्या दोन्ही एमसीबी आपापल्या मर्यादेत, म्हणून दोन्ही गप्प. न्यूट्रलवर एमसीबी नसतेच. ती वायर एकटी जळत राहते.

दुसरा धोका दुरुस्तीच्या वेळचा. गीझरची एमसीबी बंद करून कोणी त्याचं न्यूट्रल टर्मिनलमधून सोडवतो. तीच न्यूट्रल स्वयंपाकघराचीही असेल तर इंडक्शनमधून आलेला करंट त्याच्या बोटांत असतो. आणि आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) लावलेल्या घरात उसनी न्यूट्रल घेतली की आरसीसीबी विनाकारण पडत राहते. मग कोणीतरी वैतागून आरसीसीबीच काढून टाकतो. माणसाचा जीव वाचवणारं ते ३० मिलीअँपिअरचं उपकरण एका वायरच्या बचतीपायी जातं.

म्हणून पाईपमधून जेवढ्या फेज, तेवढ्या न्यूट्रल. अर्थिंग मात्र सगळ्यांना मिळून एक चालते, फक्त ती त्या पाईपमधल्या सर्वात जाड फेजइतकी जाड हवी. पहिल्या पाईपात म्हणून सहाची हिरवी एक. एकूण वायरी पाच: सहाच्या तीन, चारच्या दोन. क्षेत्रफळ ८२, मर्यादा १४५. जागेच्या हिशेबात आरामात.

लोखंडी पाईप वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. एका सर्किटची फेज आणि न्यूट्रल एकाच पाईपमधून गेली पाहिजे. फेज एका लोखंडी पाईपमधून आणि न्यूट्रल दुसऱ्यातून नेली तर पाईपच तापतो.

पाचवी पायरी: झिरी आणि पाईप

पाईप आयएस ९५३७ या भारतीय मानकाचा, मध्यम दर्जाचा घ्या. हलक्या पाईपला बेंड करताना पोट सुटतं, आणि काँक्रीट ओतताना मजुराचा पाय पडला की तो चपटा होतो. वायरींवर आयएस ६९४ चा शिक्का बघा.

झिरी, म्हणजे पाईपसाठी भिंतीत फोडायची खाच, आखताना उभी किंवा सरळ आडवी, तिरकी कधीच नाही. पुढच्या माणसाने खिळा मारताना बॉक्सच्या वर किंवा खाली सरळ रेषेत वायर असेल हे धरलेलं असतं. चार इंची भिंतीत आडवी लांब झिरी टाळा, वरून स्लॅबमधून उतरा. कॉलम आणि बीमला छिन्नी लावायची नाही. सळई दिसली की थांबा. कटर मशीनने दोन्ही कडा आधी कापून घ्या, मग छिन्नी. नाहीतर प्लास्टरचे पोपडे हातभर उडतात.

पाईप प्लास्टरच्या पातळीपासून निदान अर्धा इंच आत बसला पाहिजे. कापलेल्या तोंडाचा बुरा चाकूने काढा. हा मिनिटाचा उद्योग आहे आणि निम्मे कारागीर तो करत नाहीत. त्या धारेवर वायरचं इन्सुलेशन सोललं जातं. वळणाला एल्बो नको, लांब बेंड लावा किंवा बेंडिंग स्प्रिंग घालून पाईप हाताने वळवा. दोन बॉक्सांच्या मध्ये दोनपेक्षा जास्त काटकोन नकोत. तिसरा येत असेल तर मध्ये जंक्शन बॉक्स घाला, आणि तो कपाटाच्या मागे गाडू नका. सगळ्या तोंडांना कागदाचे किंवा थर्माकोलचे बोळे घालून मगच सिमेंट. झिरी भरल्यावर वर कोंबडी जाळी ठोकली तर प्लास्टरला पाईपच्या रेषेत तडा जात नाही.

प्लास्टर करण्याआधी प्रत्येक पाईपमधून स्प्रिंग घालून बघा, पाईप मोकळा आहे ना. नंतर अडकलं तर फोडण्यावाचून दुसरा उपाय नसतो.

सहावी पायरी: वायर ओढणे

पाईपमधल्या सगळ्या वायरी एकाच वेळी ओढायच्या. आधी दोन ओढल्या, आठवड्याने आणखी तीन, असं नाही. नवी वायर जुनीवरून घासत जाते तेव्हा पीव्हीसीवर पीव्हीसी करवतीसारखं चालतं. बेंडवर एकाच जागी दहा मीटर वायर घासली की जुनीचं इन्सुलेशन तिथे कापलं जातं. जुन्या पाईपमधून नवं सर्किट न्यायचंच असेल तर जुन्या वायरी आधी बाहेर काढा, त्यांच्याच एका टोकाला दोरी बांधून ठेवा, आणि मग जुन्या-नव्या मिळून परत ओढा. जुन्या वायरी बाहेर येतच नसतील, तर त्या पाईपमध्ये काही नवं घालायचं नाही. अडकलेली वायर बहुतेकदा चिकटलेली असते, आणि ती का चिकटली हे आता तुम्हाला माहीत आहे.

कॉईल कापून वेटोळ्यांतून वायर खेचू नका, पीळ पडतो. कॉईल फिरवत सोडा. टोकं एकाच ठिकाणी बांधू नका. एक वायर पुढे, दुसरी तिच्या दोन बोटं मागे, तिसरी आणखी मागे, अशी उतरती बांधून वर इन्सुलेशन टेपने गुळगुळीत करा. गाठ जाडी झाली की बेंडला हमखास अडते. घर्षण कमी करायला टाल्कम पावडर किंवा फ्रेंच चॉक वापरा. खोबरेल, मशीन ऑइल, ग्रीस नाही, तेलाने पीव्हीसी बिघडतं.

दोन माणसं लागतात. एक ओढणारा, एक ढकलणारा, आणि दोघांची लय जुळली पाहिजे. ढकलणाऱ्याने वायरी बोटांच्या मध्ये फणीसारख्या वेगळ्या धरायच्या, म्हणजे आत पीळ जात नाही. जोर लावावा लागत असेल तर थांबा आणि कारण शोधा. प्रत्येक बॉक्समध्ये सात-आठ इंच वायर सोडा. पाईपच्या आत जोड कधीही नाही, जोड फक्त उघडता येणाऱ्या बॉक्समध्ये, कनेक्टरने.

ओढण्याच्या आधी दोन्ही टोकांना नंबर घाला. आमच्याकडे स्वयंपाकघराची फेज लाल आणि तिच्या काळ्या न्यूट्रलवर १ चं फेरुल (नंबर छापलेली छोटी नळी). गीझरची फेज पिवळी आणि तिच्या न्यूट्रलवर २ चं. फेजा रंगाने ओळखू येतात, काळ्या सगळ्या सारख्या असतात, आणि जोडी फुटते ती इथेच. हिरवी वायर अर्थिंगशिवाय कशालाही वापरायची नाही, कॉईल उरली असली तरी.

सातवी पायरी: तपासणी

डीबीमध्ये जोडण्याआधी आणि सॉकेट बसवण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन बघा. एलईडी, आरसीसीबी, उपकरणं काहीही जोडलेलं नको. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ हे सगळेच बघतात. एका पाईपमध्ये दोन सर्किटं असतील तर पहिल्याची प्रत्येक वायर दुसऱ्याच्या प्रत्येक वायरशीही बघा. ओढताना सोललेलं इन्सुलेशन सापडतं ते याच वेळी. किमान १ मेगओहम हवा. नवं काम असेल तर काटा शंभराच्या पुष्कळ वर गेला पाहिजे. नव्या वायरीवर पाच-दहा दिसत असतील तर मी पास करत नाही, वायरी काढून बघतो.

मग न्यूट्रलची परीक्षा. डीबीच्या पट्टीवरून सगळ्या न्यूट्रल सोडवा आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून १ आणि २ मध्ये बघा. बीप आला तर कुठेतरी बॉक्समध्ये दोन न्यूट्रल एकत्र जोडल्या गेल्या आहेत.

सप्लाय दिल्यावर आणखी एक तपास, आणि तो मला सगळ्यात आवडतो. क्लॅम्प मीटरच्या (वायरीभोवती धरून करंट मोजणाऱ्या मीटरच्या) जबड्यात एका सर्किटची फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरा आणि लोड चालू करा. गेलेला करंट आणि परतलेला करंट सारखा असेल तर मीटर शून्य दाखवतो. गीझर चालू केल्यावर शून्याऐवजी तीन-चार अँपिअर दिसले, तर त्याचा काही करंट दुसऱ्या वाटेने परततो आहे. उसनी न्यूट्रल पकडायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटणही दाबून बघा.

शेवटी लोडवर. एसी, गीझर, भांड्यात पाणी ठेवून इंडक्शन, ओव्हन, सगळं तासभर चालवा. शक्य असेल तर एप्रिल-मे मध्ये, दुपारी. गीझरचा थर्मोस्टॅट मध्येच बंद करतो, म्हणून नळ थोडा सोडून ठेवा. नंतर एमसीबीच्या पुढच्या भागावर हाताची पाठ लावा. कोमट चालेल, पण हात ठेववत नसेल तर आधी स्क्रू सैल आहे का बघा, मग वायरचा हिशेब परत करा. त्या घरात आम्ही १४ मे रोजी दुपारी तीनला हे केलं. डीबीचं झाकण उघडल्यावर काकूंनी स्वतः पुढे येऊन वास घेतला.

डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: कोणत्या पाईपमध्ये कोणती सर्किटं, वायर कितीची, एमसीबी कितीची, तारीख. त्यावर ठळक लिहा की पहिल्या पाईपमध्ये आणखी सर्किट घालायचं नाही, जागा दिसली तरी. प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून काढलेले फोटो घरमालकाच्या मोबाईलवर पाठवा, आणि एक छापून त्याच कागदाच्या मागे ठेवा. पुढचा तारतंत्री येईल तेव्हा तो आधी डीबीच उघडतो.